जनरेटरचे जुने इंजिन आणि दोन छोटी चाके: पुण्यातील एका रूपांतराचा प्रकरण अभ्यास

नारायण पेठेतील एका विद्युत साहित्याच्या दुकानात वापराविना पडून असलेल्या जनरेटरचे इंजिन काढून त्यावर लहान चाकांची, बसक्या बांधणीची मोटारसायकल, म्हणजे जिला मिनी बाइक म्हणतात ती, तयार करण्याचे काम दुकानाचे मालक आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेत असलेला त्यांचा भाचा यांनी हाती घेतले आणि तांत्रिक सल्ल्यासाठी ते प्रस्तुत लेखकाकडे आले. अशा कामांत बहुतेकांचे लक्ष इंजिनाची ताकद किती आणि सांगाडा दिसतो कसा याकडे असते. या प्रकरणात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडवी आलेली गोष्ट निराळी होती: जनरेटरचे इंजिन एकाच वेगाने फिरत राहण्यासाठी घडवलेले असते, आणि दुचाकीला दर वेळी शून्यापासून निघावे लागते. हे अंतर इंजिनावर जबरदस्ती करून भरून काढायचे की इंजिनाचा स्वभाव आहे तसा ठेवून बाकीची गाडी त्याच्याभोवती रचायची, हा निर्णय आधी घ्यावा लागतो आणि पुढचे सगळे त्यावर ठरते.

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत गवत कापण्याच्या यंत्रांची आणि पंपांची इंजिने काढून मिनी बाइक बनवण्याची लाट आली होती. आपल्याकडे अंगणात गवत कापण्याचे यंत्र कोणाकडे असणार? आपल्याकडचा साठा वेगळ्या कारणाने तयार झाला. भारनियमनाच्या वर्षांत पुण्यातील दुकानदारांनी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर घेऊन ठेवले होते. ते रॉकेल नेमके कोठून येते याची चौकशी कोणी फारशी करत नसे. २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मिती संचांची मदत घेऊन शहराला भारनियमनातून सोडवणारी, ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखली गेलेली योजना आली, पुढे इन्व्हर्टर स्वस्त झाले, आणि हे जनरेटर जिन्याखाली गेले. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारली तर असे एखादे इंजिन आजही नजरेस पडू शकते.

या प्रकरणातील इंजिन सुमारे २०० घन सेंटीमीटरचे, एका सिलिंडरचे, चार फटक्यांचे (फोर-स्ट्रोक), हवेने थंड होणारे आणि साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेले होते. त्याची ताकद साधारण ३ अश्वशक्ती, म्हणजे २.२ किलोवॅट धरली. मिनी बाइकसाठी ही ताकद कमी आहे असे भाच्याला वाटत होते. ती पुरेशी आहे हे पुढे हिशेबाने दिसेलच.

उघडून पाहिल्यावर इंजिनाची अवस्था अपेक्षेपेक्षा बरी निघाली. रॉकेलवर चाललेल्या इंजिनात एक ठरलेला दोष असतो: पूर्ण वाफ न झालेले रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते, ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर ती चांगली खूण नाही. येथे तसेच होते. तरीही बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे नव्हते. रिंगा बदलल्या, दोन्ही व्हॉल्व्ह त्यांच्या सीटवर घासून बसवले, हेडवरचा कार्बनचा जाड थर खरवडून काढला आणि फ्लायव्हील पुलरने ओढून त्याखालचे, ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट साफ करून त्यांतील अंतर ०.३५ मिलिमीटर ठेवले. फ्लायव्हील हातोडीने ठोकून काढण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तिने क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, टोक तरी चेपते किंवा फ्लायव्हीलला तडा तरी जातो, आणि तडा गेलेले ओतीव फ्लायव्हील मिनिटाला ३००० फेऱ्यांनी मांडीशेजारी फिरवणे हा साधा धोका नव्हे.

इंधनाचा प्रश्न सोपा वाटला तरी त्यात दोन गाठी होत्या. रॉकेल ठोका न देता जळावे म्हणून अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले असते. ते निव्वळ पेट्रोलवर चालवले तर काहीही बिघडत नाही. थोडी ताकद हाती न घेता सोडून द्यावी लागते, एवढेच. ती मिळवण्यासाठी हेड घासून घ्यावे असे एका ओळखीच्या मेकॅनिकने सुचवले होते. साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह हेडच्या पोकळीतच वर उचलले जातात, त्यामुळे पोकळीची खोली कमी केली की व्हॉल्व्ह हेडला लागण्याची भीती असते. ही सूचना बाजूला ठेवली. दुसरी गाठ आजच्या पेट्रोलची. त्यात आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून (इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) तेवढेच इंधन गेले तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते आणि इंजिन अधिक तापते. मुख्य जेट एक पायरी मोठा घातला आणि प्लगचा रंग फिकट तपकिरी येईपर्यंत जुळवणी केली. रबराच्या जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या. रॉकेलची मोठी टाकी आणि दोन इंधनांमध्ये अदलाबदल करणारी तोटी काढून टाकली आणि पेट्रोलची एकच छोटी टाकी ठेवली.

गव्हर्नर ठेवायचा की काढायचा

सर्वांत जास्त चर्चा गव्हर्नरवर झाली. जनरेटरच्या दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झची वीज द्यायची असेल तर तो मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरला पाहिजे. ते काम गव्हर्नर करतो. क्रँककेसच्या आत एका छोट्या दातेरी चाकावर वजने बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एका दांडीमार्फत कार्बोरेटरचा थ्रॉटल मिटवू पाहतात, तर बाहेरची स्प्रिंग तोच थ्रॉटल उघडू पाहते. या दोघांच्या ओढाताणीत इंजिन ठरलेल्या वेगावर टिकते. दुकानात एकदम चार पंखे लावले की थ्रॉटल आपोआप उघडतो आणि पंखे बंद केले की मिटतो.

भाच्याचा विचार गव्हर्नरची दांडी सोडवून एक्सेलरेटरची केबल थेट थ्रॉटलला जोडण्याचा होता. अशा गाड्यांच्या चित्रफितींमध्ये बहुधा तेच केलेले दिसते. “मामा, गव्हर्नर काढला की साठच्या पुढे जाईल,” असे तो म्हणाला, तेव्हा मामांनी “साठने जाऊन थांबणार कशाने?” एवढेच विचारले. प्रश्न रास्त होता, परंतु गव्हर्नर राखण्याचे मुख्य कारण गाडीचा वेग हे नव्हतेच. अशा इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा ओतीव असतो, त्याला बहुधा वेगळे बेअरिंग शेल नसते, आणि वंगणासाठी तेलपंप नसून रॉडच्या तळाशी पळीसारखा एक तुकडा असतो, जो दर फेरीला ऑइल उडवतो. ही सारी रचना ठराविक वेगापुरती निर्धोक आहे. आता चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा असताना चेन तुटली किंवा उतरली अशी कल्पना करावी. इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि हाताने मूठ सोडण्याच्या आत वेग दुपटीकडे धावू लागतो. मोटारसायकलच्या इंजिनातला पोलादी क्रँक आणि रोलर बेअरिंग कदाचित ते सोसतील. येथे रॉड तुटून क्रँककेसला भोक पाडील. गव्हर्नर जागेवर असेल तर तोच थ्रॉटल मिटवतो आणि चालकाला काही करावे लागत नाही.

म्हणून तोडगा असा काढला की केबल थ्रॉटलला न लावता गव्हर्नरची स्प्रिंग ताणणाऱ्या पट्टीला लावायची. यामुळे मूठ फिरवण्याचा अर्थच बदलतो. चालक ‘एवढे पेट्रोल दे’ असे सांगत नाही, ‘एवढ्या वेगाने फीर’ असे सांगतो, आणि थ्रॉटल किती उघडायचा हे गव्हर्नर चढ-उतार पाहून ठरवतो. पट्टीला एक अडवणारा स्क्रू लावून कमाल वेग ३००० वरच बंद केला. ६० हर्ट्झची वीज वापरणाऱ्या देशांत याच प्रकारची इंजिने ३६०० वर चालतात, तेव्हा तेवढी मुभा कदाचित देता आली असती. मात्र रॉकेलवर वर्षानुवर्षे झिजलेल्या रॉडकडून ती घेऊ नये, असे लेखकाचे मत पडले.

यातून एक नवी अडचण आली. जनरेटरच्या इंजिनाला मंद चाल अशी नसतेच. ते सुरू होताच ३००० गाठते. येथे मूठ सोडल्यावर वेग १४०० च्या आसपास उतरायला हवा होता, नाहीतर वेग वाढला की आपोआप पकडणारा आणि उतरला की सुटणारा क्लच सुटलाच नसता. मूळ स्प्रिंग इतकी कडक होती की तिच्या आवाक्यात एवढा खालचा वेग बसत नव्हता. मऊ स्प्रिंग घातल्यावर खालचा वेग मिळाला, परंतु मधल्या वेगांवर इंजिन हेलकावे खाऊ लागले: वेग वाढे, गव्हर्नर मिटवे, वेग पडे, गव्हर्नर पुन्हा उघडे, आणि हे चक्र थांबत नसे. गव्हर्नरच्या दांडीवर स्प्रिंग अडकवण्यासाठी ओळीने भोके असतात. स्प्रिंग आसापासून दूरच्या भोकात नेली की गव्हर्नरची संवेदनशीलता कमी होते आणि हेलकावे आटोक्यात येतात. त्याच्या मोबदल्यात भार आल्यावर वेग थोडा जास्त पडतो. विजेच्या दिव्यांना ती घट चालली नसती, गाडीला चालते. भोक बदलल्यावर कमाल वेगही सरकतो, त्यामुळे अडवणारा स्क्रू टॅकोमीटर लावून पुन्हा बसवावा लागला. अगदी कमी मुठीवर थोडे हेलकावे आजही आहेत.

इंजिन बंद करण्याची व्यवस्था हा छोटा पण महत्त्वाचा भाग. मॅग्नेटोच्या इंजिनात बंद करणे म्हणजे प्रज्वलनाची तार सांगाड्याला टेकवणे. याचा अर्थ ती तार कोठे तुटली तर बटण दाबूनही इंजिन बंद होत नाही. त्यामुळे हँडलवरच्या बटणाखेरीज, चालकाच्या मनगटाला बांधायच्या दोरीवर चालणारा दुसरा स्विच वेगळ्या तारेने जोडला, आणि स्प्रिंग ताणणाऱ्या पट्टीला परत आणणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन लावल्या.

निमुळते टोक

इंजिन अल्टरनेटरपासून वेगळे केल्यावर क्रँकशाफ्टचे जे टोक बाहेर आले ते निमुळते, म्हणजे टेपर होते. जनरेटरच्या इंजिनांत हे नेहमीचेच आहे: अल्टरनेटरचा रोटर त्या टेपरवर बसतो आणि आरपार जाणाऱ्या लांब बोल्टने ओढून धरला जातो. बाजारात मिळणारे असे वेगावर पकडणारे, म्हणजे सेंट्रिफ्यूगल, क्लच मात्र सरळ शाफ्टसाठी असतात. मामा-भाच्यांनी आणलेल्या क्लचचे भोक १९.०५ मिलिमीटरचे होते आणि त्याला की-वे, म्हणजे चावी बसवण्याची खाच, होती. जुने इंजिन विकत घेण्यापूर्वी पाहण्याची पहिली गोष्ट हे टोक असावी, आणि नेमकी तीच कोणी पाहत नाही. पंपसेटच्या इंजिनाला बहुधा सरळ टोक मिळते, आणि एवढ्यावरून निम्मे काम वाचू शकते.

टेपर कापून सरळ करण्याइतके जाड उरत नव्हते. त्यामुळे ईएन-८ पोलादाचा अडॅप्टर करून घेण्याचे ठरले, ज्याच्या एका बाजूला आतून तोच टेपर आणि दुसऱ्या बाजूला १९.०५ मिलिमीटरचा सरळ शाफ्ट. हे काम नऱ्हे भागातील एका लहान वर्कशॉपने केले. तेथील कारागिराने क्रँकशाफ्टच्या टेपरला निळा रंग लावून अडॅप्टर पुन्हा पुन्हा बसवून पाहिला आणि रंग आतल्या बहुतेक पृष्ठभागावर सारखा उमटेपर्यंत थोडे थोडे घासत राहिला. “साहेब, टेपर बसला नाही तर बोल्ट कितीही आवळा, चावी कापली जाणारच,” हे त्याचे म्हणणे पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा नेमके होते, कारण टेपरच्या जोडात फिरवण्याची ताकद घर्षणाने जाते आणि चावी केवळ जागा दाखवण्यासाठी असते. शेवटी डायल लावून पाहिले तेव्हा बाहेरच्या टोकाची हालचाल ०.०५ मिलिमीटरच्या आत होती.

तरीही एक धोका शिल्लक होता. टेपर, त्यापुढे अडॅप्टरचा जाड भाग आणि त्यापुढे क्लच अशी मांडणी झाल्यामुळे चेनची ओढ इंजिनाच्या बेअरिंगपासून बरीच दूर पडत होती. अल्टरनेटर फिरवताना क्रँकशाफ्टला पिळाचा भार सोसावा लागतो. चेन त्याला बाजूला वाकवते, आणि इंजिन बनवणाऱ्याने तो भार या टोकासाठी गृहीत धरलेला नसतो. क्लच उलटा बसवून त्याचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, इंजिनाकडे आणला, तेवढी लांबी वाचली. शिवाय अल्टरनेटरचे कवच इंजिनाच्या ज्या तोंडावर चार बोल्टांनी बसत होते, त्याच भोकांत नळ्या उभ्या करून ८ मिलिमीटर जाडीची एक पाटी बसवली आणि अडॅप्टरचे बाहेरचे टोक १७ मिलिमीटरला उतरवून त्या पाटीतल्या सेल्फ-अलाइनिंग बेअरिंगमध्ये घेतले. इंजिनाचे ते तोंड मुळातच क्रँकशाफ्टशी समकेंद्री मशिन केलेले असल्यामुळे पाटी बरोबर जागी आली. सगळ्या रूपांतरातली लेखकाला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे, आणि गाडी पाहणाऱ्या एकाचेही लक्ष तिच्याकडे जात नाही.

इंजिन सांगाड्यात कोणत्या बाजूने ठेवायचे हेही या टोकावरून ठरले. गाडी पुढे जाताना तिच्या डाव्या बाजूने पाहिले तर चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. हे इंजिनही टोकाच्या बाजूने पाहता उलट दिशेनेच फिरणारे होते, म्हणून टोक डावीकडे आले.

दातांचा हिशेब

चाके १० इंची घेतली. पुण्यात या मापाची वाण नाही, कारण बजाज चेतकला ३.५०-१० मापाचे टायर असत आणि नाना पेठेत त्यांचे जुने-नवे सामान अजून मिळते. चालक बसलेला असताना टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलून मोजले तेव्हा एका फेरीला १.३२ मीटर अंतर पडले.

भाच्याने आधी ठरवलेली रचना साधी होती: क्लचवर १२ दात, मागच्या चाकावर ४८ दात, एकच चेन. म्हणजे ४ ला १ असे प्रमाण. ३००० फेऱ्यांना चाक ७५० फेरे घेईल आणि वेग ताशी ५९ किलोमीटर येईल. कागदावर हे आकर्षक दिसते. परंतु हा क्लच सुमारे १८०० ला पकडू लागतो आणि २००० ला पूर्ण पकडतो. ४ ला १ या प्रमाणात २००० फेऱ्या म्हणजे ताशी जवळजवळ ४० किलोमीटर. म्हणजे त्याखालच्या प्रत्येक वेगाला क्लच घसरत राहणार. ताशी १० किलोमीटरने शेताच्या बांधाकडेने जाताना इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी तीन चतुर्थांश भाग क्लचच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाईल, आणि असा क्लच काही मिनिटांत निळा पडून वास मारू लागतो. क्लच हलका होता म्हणून जळाला असे पुष्कळदा म्हटले जाते. बहुतेक वेळा तो दातांच्या चुकीच्या प्रमाणामुळे जळालेला असतो.

चढावरचा हिशेब आणखी स्पष्ट होता. गाडी आणि चालक मिळून १२० किलो धरले आणि ज्या जमिनीवर गाडी चालायची तेथील चढ आठास एक धरला, तर चढाची आणि मातीची मिळून सुमारे १८० न्यूटन ओढ लागते. २.२ किलोवॅट ३००० फेऱ्यांना म्हणजे ७ न्यूटन-मीटर पीळ. ४ ला १ प्रमाणात, चेनमधली तूट वजा जाता, चाकाच्या कडेला सुमारे १२७ न्यूटन मिळतात. गाडी चढ चढणारच नाही. ताकद कमी आहे ही भाच्याची शंका येथून निघाली होती. तीच ताकद योग्य प्रमाणातून नेली की पुरते.

त्यामुळे क्लच आणि चाक यांच्या मध्ये एक जॅकशाफ्ट, म्हणजे वेग दोन टप्प्यांत उतरवणारा आडवा दांडा, घातला. क्लचवरचे १२ दात जॅकशाफ्टवरच्या ३० दातांना, आणि जॅकशाफ्टवरचे १४ दात चाकावरच्या ४२ दातांना; एकूण ७.५ ला १. मागचे १४ आणि ४२ दातांचे स्प्रॉकेट मोटारसायकलचे, ४२८ मापाच्या चेनसाठी दुकानात तयार मिळणारे. ३० दातांचा तेवढा करून घ्यावा लागला. जॅकशाफ्ट २० मिलिमीटरचा आणि त्याला दोन्हीकडे पायावर बसणारी बेअरिंगे. आता कमाल वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत आला, क्लच ताशी २१ ला पूर्ण पकडू लागला आणि चढासाठी सुमारे २२५ न्यूटन हाती आले. भाचा वेगाचा आकडा ऐकून खट्टू झाला. चढावर गाडी न थांबता वर गेली तेव्हा तो विषय पुन्हा निघाला नाही.

सांगाडा, ब्रेक आणि बाकीचे

सांगाड्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्यांकडे जो पातळ पाइप असतो तो वापरला नाही. २ मिलिमीटर जाडीचा, एक इंची पाइप घेतला आणि इंजिनाखाली ६ मिलिमीटरची पाटी लांबट भोके पाडून बसवली, म्हणजे चेनचा ताण इंजिन सरकवून देता येतो. एका सिलिंडरचे इंजिन रबरावर बसवले तर थरथर कमी लागते, पण चेनची सरळ रेषा हलते. येथे ते घट्ट बोल्टांनी बसवले आणि थरथर पत्करली. इंजिनावरचे पंख्याचे पत्र्याचे आवरण शोभत नाही म्हणून काढण्याचा मोह टाळणे आवश्यक होते, कारण फ्लायव्हीलचा पंखा त्या आवरणातूनच सिलिंडरच्या पंखांवर हवा ढकलतो. आवरण काढले तर हळू चालणाऱ्या गाडीतल्या इंजिनाला थंड करणारे काही उरत नाही.

ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे घेतले. मिनी बाइकच्या पुष्कळ नमुन्यांत मागे एकच ब्रेक दिसतो. ताशी ३० किलोमीटरवरून, मंदन गुरुत्वत्वरणाच्या निम्मे मिळाले, तर थांबायला सुमारे ७ मीटर लागतात. केवळ मागच्या चाकावर आणि तेही मोकळ्या मातीवर एवढे मंदन मिळत नाही. स्कूटरच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. हवा भरलेली असताना ते नट सोडवले तर रिमचा अर्धा भाग उडून लागू शकतो, आणि हे स्कूटरच्या मेकॅनिकना ठाऊक असले तरी घरी काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असेलच असे नाही.

दोन्ही चेनना संपूर्ण पत्र्याची आवरणे केली आणि सायलेन्सरला चालकाच्या पायाच्या बाजूने जाळी लावली.

कोठे चालवायची

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची वाहने वगळली आहेत, तसेच केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहनेही वगळली आहेत. २०० घन सेंटीमीटरच्या इंजिनामुळे पहिली सवलत सुटली. रस्त्यावर आणायचे तर नमुना-मान्यता आणि नोंदणी हवी. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. परंतु घरी बनवलेल्या एकाच नगासाठी ती वाट व्यवहारात बंदच समजावी. गाडी तळजाईवर नेण्याची भाच्याच्या मित्रांची सूचनाही मालकांनी मोडून काढली. ती वनजमीन आहे आणि तेथे पहाटे माणसे पायी चालायला येतात. सासवडजवळ मालकांची कुंपण घातलेली जमीन आहे. गाडी टेम्पोतून दिवे घाटाने तेथे नेली जाते आणि फाटकाबाहेर ती स्वतःच्या चाकांवर जात नाही. कुटुंबातील शाळकरी मुलांच्या हाती ती देऊ नये, हेही ठरले. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही तरतूद मामांनी भाच्याच्या आईला वाचून दाखवली आणि त्यानंतर घरातला विरोध उलट मावळला, कारण गाडी फाटकाबाहेर जाणार नाही याची तिला खात्री पटली.

चालवल्यानंतर

शेतावरच्या चालीत जे दिसले ते बव्हंशी हिशेबाला धरून होते. गव्हर्नरमुळे गाडी चढ लागताच स्वतःहून जोर धरते आणि उतारावर मुठीने ठरवलेल्या वेगापुढे इंजिन ओढत नाही; मात्र उतारावर वजनानेच गाडी पुढे ढकलली जाते आणि ती रोखण्याचे काम ब्रेककडेच राहते. ही चाल मोटारसायकलची सवय असलेल्याला प्रथम विचित्र वाटते, कारण मूठ न हलवताही थ्रॉटल आपोआप उघडतो-मिटतो. मामांना, ज्यांनी मोपेडखेरीज काही चालवलेले नाही, ती लगेच रुचली.

सायलेन्सरची पट्टी थरथरीने तुटली, तेव्हा तिच्या जागी रुंद आणि कोपऱ्यांना त्रिकोणी आधार दिलेली पट्टी बसवली. ऑइल उडवणाऱ्या पळीमुळे गाडी तीव्र चढावर उभी ठेवून इंजिन चालू ठेवायचे नाही, असा नियम केला. ऑइल एका बाजूला गेले की पळीला लागत नाही. रॉकेलचे अवशेष निघून जावेत म्हणून ऑइल लवकर बदलले, आणि पातळी वाढण्याची जुनी खोड पेट्रोलवर पुन्हा दिसलेली नाही. इथेनॉल पाणी धरते, म्हणून गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर तोटी बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवले जाते.

सुटलेला एक प्रश्न क्लचचा आहे. ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी मागे बांधून माणसाच्या चालीने बांधावरून जायचे म्हटले तर ताशी ५-६ किलोमीटर एवढाच वेग असतो, आणि तेथे ७.५ ला १ हे प्रमाणही क्लचला घसरण्यापासून वाचवू शकत नाही; ड्रमला हात लावता येत नाही इतका तो तापतो. क्लचच्या स्प्रिंगा मऊ घालून तो १६०० ला पकडायला लावणे हा एक उपाय आहे, परंतु मग मंद चालीचा १४०० चा वेग आणि क्लचची पकड यांत फारच थोडे अंतर उरते आणि गव्हर्नरच्या हेलकाव्यांत गाडी उभ्या जागी पुढे सरकण्याची भीती असते. पट्ट्याचा, आपोआप प्रमाण बदलणारा ड्राइव्ह बसवणे हा दुसरा उपाय; तो चांगला आहे, पण त्यासाठी अडॅप्टर आणि बाहेरची पाटी पुन्हा करावी लागेल. सध्या जॅकशाफ्टवरचा १४ दातांचा स्प्रॉकेट काढून १३ दातांचा घातला आहे. त्यामुळे एकूण प्रमाण ८ च्या थोडे वर गेले, कमाल वेग ताशी २९ किलोमीटरवर आला आणि क्लच ताशी २० च्या किंचित आत पकडू लागला. स्प्रिंगांचा निर्णय या मोसमातली शेताची कामे झाल्यावर, क्लचचे अस्तर उघडून पाहून घ्यायचा आहे.